समुद्राले निघालेली अहिर

माहं नाव तुळसा. माहेर मानोऱ्याकडचं, सासर हे असं अडाण नदीच्या काठी, शेलूबजारातून सकाळी पायी निंगालं तं भाकरीच्या वक्ताले घरी पोचते मानूस. आमी भोई. मासोळ्या धरनं हाच धंदा, बापाचा तोच, सासऱ्याचा तोच, म्हनून लग्न होऊन आली तवा मले नवं असं काई वाटलंच नाई, तेच जाळं, तोच वास, तेच वल्ले लुगडे, फकत नदी दुसरी. माय म्हने, पोरी, नदीकाठी देल्ली तुले, पान्यासाठी कधी रडनार नाई तू. काय सांगू तुले बापू, मायचं ते बोलनं खरं नाई निंगालं, पन त्यात मायचा काय दोष.

सासू मी यायच्या अगोदरच वारली होती. घरात आमी तिघं, मी, माहा घरवाला किसन, अन् सासरा. सासऱ्याले मी मामाजी म्हनो. मोठा बोलका नव्हता बुढा. दिवसभरात बोलला तं तंबाकूचं बोलन नाई तं पान्याचं बोलन. पान्याचं म्हंजे कसं, का आज डोहात पानी गढूळ हाय, वरते कुठी तरी पडला. अन् खरंच वरते पडलेला राहे. किसन त्याच्या उलटा, तोंडाचा तिखट पन हाताचा नरम. रागावला का भांडं आदळन, अन् आदळलेलं भांडं मंग सोताच घासून ठेवन.

तर अहिरीचं तू इचारलं. अहिर म्हंजे सापावानी लांब मासोळी, खवलं दिसत नाईत, हातातून साबनावानी निसटते. चवीले तिच्यासारखी दुसरी मासोळी नाई. मी नवी नवरी होती तवाची गोष्ट, पुरात जाळं लावलं होतं अन् त्यात एक आली, माह्या हाताएवढी लांब. मामाजीनं तिचं तोंड उजेडाकडे केलं, डोळे पाह्यले, पोट पाह्यलं, अन् सोडून देल्ली नदीत. मी तं पाह्यतच राह्यली. घरी चुलीवर नुसती चटनी होती. मनात म्हनलं, सासरा येडा हाय का काय.

मंग त्यानंच सांगतलं. अहिर डोहात वर्सानुवर्सं राह्यते, मातकट रंगाची, बारीक डोळ्याची, तवा ती खायाची, कोनी नाई म्हनत नाई. पन एक साल असं येते का तिचे डोळे मोठे होतात, पोट चांदीवानी पांढरं पडते, अन् ती खानं सोडते, गळाले गांडूळ लावा का आनखीन काई लावा, तोंड लावत नाई. तवा समजाचं का ही आता जानारी झाली. पूर आला का ती खाली जाते, नदी-नदीनं थेट समुद्राले, अन् तठी तिचं बाळंतपन होते. आमच्या घरात जानारी अहिर खात नाईत. जाळ्यात आलीच तं खालच्या अंगाले तोंड करून सोडतात, जशी पोरीले माहेराच्या वाटेले लावून देतात तशी. मी इचारलं, मामाजी, तुमी पाह्यला का समुद्र. तं म्हने, माह्या बापानंही नाई पाह्यला. मंग कशावरून म्हनता. तं म्हने, सून, इतक्या अहिरी चिरल्या आमच्या घरानं, एकीच्याही पोटात कधी अंडी सापडली नाईत, अन् दरसाल बोटाएवढी पिल्लं मात्र खालून वर येतात, उलट्या पान्यानं चढत. मंग बाळंतपन कुठी तरी होत असनच ना. मले ते पटलं. मले तवा सगळंच पटे.

मंग तो बहात्तरचा दुष्काळ आला. त्याच्या अगोदरचं सालही बरं नव्हतं, पन त्या साली नदी वाहिलीच नाई. पावसाळ्यात एक-दोन डाव वरून लाल पानी आलं, डोहात भरलं अन् तठीच थांबलं. अडाण म्हंजे एक डोह इथं, एक डोह कोसावर, मधात नुसती रेती. लोकं काय करतीन, ज्वारी नाई, काम नाई, त्याईनं कपाशीवर फवारायचं औषध डोहात टाकलं. एका सकाळी खालच्या डोहात सगळ्या मासोळ्या पांढरं पोट वर करून तरंगत होत्या, त्याच्यात कासवंही होते, बेडकंही होते. खायाच्या तेवढ्या नेल्या, बाकी तठीच सडल्या, अन् मंग त्या पान्याले ढोरंही तोंड लावत नव्हते. तवापासून मामाजी आमच्या डोहावर जाऊन बसे. घोंगडं, तंबाकू अन् काठी. कोनाले मारलं नाई त्यानं, काठी उगारलीही नाई, नुसता बसे. एखादा औषधाचा डबा घेऊन आला का त्याले जवळ बसवे, तंबाकू दे, घरचं-दारचं इचारे, तो मानूस लाजून वापस जाये.

त्या डोहात एक जानारी अहिर होती. मामाजीनं तिले पावसाळ्याच्या तोंडीच पाह्यलं होतं, डोळे असे मोठे, पोट पांढरंफटक. त्या सालच्या पुरात जानार होती, अन् पूर आलाच नाई. आता डोह आटत चालला, कंबरेएवढा झाला, गुडघ्याएवढा झाला, मंग नुसता चिखल राह्यला. एक दिवस मामाजी भर उन्हात घरी आला, अंगावर धोतर नाई, नुसता लंगोट, अन् धोतरात काई तरी वल्लं गुंडाळलेलं. मी पदर तोंडावर घेतला. तो सरळ न्हानीजवळ गेला, आमचा प्याच्या पान्याचा रांजन होता, त्यात त्यानं ते सोडलं अन् वर झाकन ठेवलं. म्हने, सून, पाऊस येईलोक हिले इथं राहू दे.

पानी कसं आनत होतो ते सांगतो म्हंजे तुले समजन. नदीच्या रेतीत झिरा खोदायचा, खाली उतरून बसायचं, वाटी-वाटीनं पानी झिरपे तसं भरायचं, एक गुंड भरेलोक आंग आंबून जाये. अन् मले तवा दिवस गेलेले, पयलंच. सकाळी झिऱ्यावर, मंग दिवसभर कामावर. दुष्काळी काम निंगालं होतं, आमच्याच नदीवर, डोहाच्या खालच्या अंगाले बंधारा बांधून राह्यले होते, दगडाचा. आमी सगळा गाव तठीच, टोपल्यानं दगड-मुरूम वाहाचा, दुपारी सुकडी भेटे ती खायाची. अन् घरी आल्यावर रांजनातल्या पावनीचं पानी बदलायचं. जुनं पानी फेकत नव्हतो, बकरीले पाजो.

किसन मोठा चिडला. म्हने, बाप येडा झाला, पोटुशी बाई झिऱ्यातून पानी आनते अन् हा मासोळीले आंघोळ घालते. भांडं आदळलं. दुसऱ्या दिवसापासून बुढा सोता झिऱ्यात उतराले लागला, मांड्या थरथर कापत, वर यायले त्याले दोन मानसं लागत. मंग किसनच जाये. शिव्या देत जाये, शिव्या देत ये, पन गुंड भरून आने.

गावात तं तमाशाच झाला. आमच्या शेजारची शांताबाई, कुनब्याची, मोठी हसरी बाई, बंधाऱ्यावर सगळ्याईच्या पुढं मले म्हने, काय वो तुळसा, तुह्या सासऱ्यानं घरात नाग पाळला म्हनतात, पंचमीले दूध घेऊन येऊ का. मी म्हनलं, दूध असन तं मलेच आना, नाग उपाशीच राह्यते. सगळ्या हासल्या. पन तीच शांताबाई सांजच्याले गुपचूप आली, झाकन काढून पाह्यलं, गंज वेळ पाह्यलं, अन् म्हने, माय, डोळे कसे मानसावानी हायेत वो हिचे.

गुरुजी आले पाह्याले. तुले ज्याईनं शिकवलं तेच. बौद्ध वस्तीतले, त्याईच्या घरात पयले शिकलेले तेच. ते खाली वाकून पाह्यत होते अन् मामाजी सांगत होता. मंग मामाजीनं इचारलं, गुरुजी, तुमच्या पुस्तकात हाय का, ही समुद्राले जाते म्हनून. गुरुजी म्हनले, बुवा, मासोळीचं मले माहीत नाई, खोटं कायले सांगू, पन नदीचं माहीत हाय. दुसऱ्या दिवशी शाळेतला नकाशा घेऊन आले, भिंतीवर टांगायचा, आमच्या अंगनात पसरला, चार कोपऱ्यावर गोटे ठेवले. अन् बोट ठेवून सांगतलं, ही आपली अडाण, ही नकाशात काढलेली नाई एवढी लहान हाय पन इथं समजा, ती इथं पैनगंगेले भेटते, पैनगंगा वर्धेले, वर्धा पुढं जाऊन गोदावरीले, अन् गोदावरी इकडं, सूर्य उगोते त्या अंगाले, समुद्रात. मामाजीनं त्या निळ्या रंगावर हात ठेवला. म्हने, पानी कसं असते तठचं. गुरुजी म्हनले, खारं. मिठाचं. मामाजी म्हने, गोड्या पान्यात जलम काढलेली खाऱ्यात कशी जगन. गुरुजी म्हनले, बुवा, तुमची सून मानोऱ्याची हाय ना, ती इथं जगलीच. मी घरातून आयकून राह्यली होती, मले हासू आलं.

मानोऱ्याचं नाव निंगालं म्हनून सांगतो. पयलं बाळंतपन माहेरीच होते ना आपल्याइकडं. मी दिवस मोजत होती का कवा भाऊ येते न्यायले. भाऊ नाई आला, निरोप आला. माय, भाऊ, भावजय सगळे गाव सोडून जगायले गेले, कुठी तं नक्की कोनाले माहीत नाई, घराले कडी लावलेली. मी त्या दिवशी कामावर गेली, टोपली उचलली, सुकडी खाल्ली, अन् घरी येऊन रांजनाजवळ बसून रडली. मायनं म्हनलं होतं पान्यासाठी रडनार नाई, हे काई पान्यासाठी नव्हतं.

किसननं ते पाह्यलं. तो उठला, विळा घेतला, रांजनाचं झाकन काढलं. मामाजी अंगनात होता. किसन मले म्हने, तुह्या अंगात रगत नाई राह्यलं, तोंड पाह्य कसं पिवळं पडलं, बाळंतपनात मरशीन, ही एक मासोळी हाय, चार दिवस रस्सा होईन, तू फकत हो म्हन. त्याचा हात पान्यात होता. मामाजी दारात येऊन उभा राह्यला, त्यानं आयकलं होतं. मले वाटलं आता बाप-लेकाचं होईन. पन मामाजी म्हनला, सुनेले इचार, तिनं हो म्हनलं तं मी नाई म्हननार नाई. अन् भिंतीले टेकून बसला.

आता बापू, मी काई देवमानूस नाई. मले भूक होती. त्या रस्श्याचा वास मले इचारातच आला, तिखट घातलेला, वरून तेल. खरं सांगतो, तोंडाले पानी सुटलं. मी उठून रांजनात पाह्यलं. ती किसनच्या हाताले लागून पडली होती, गप, पळत नव्हती. तवढ्या बारीक जागेत एवढे दिवस उपाशी, ना जानं ना येनं, अन् तरी तोंड एकाच अंगाले करून. मामाजी म्हने ते तोंड नदीच्या खालच्या अंगालेच राह्यते, रांजन फिरवला तरी. ते खरं का खोटं मी कधी तपासलं नाई. मी म्हनलं, मले नाई जाता आलं माहेरी. हिले जाऊ द्या. विळा ठेवा अन् झाकन लावा, मले झोपू द्या. किसननं विळा आदळला. पन मंग झाकन असं हळू ठेवलं का आवाजही नाई आला.

मिरीग कोरडा गेला. पुख नक्षत्रात नदी आली, बंधाऱ्याच्या भिंतीवरून पानी पडाले लागलं. लोकं म्हनले, बुढ्या, सोड आता डोहात. मामाजी म्हने, डोहात सोडून काय करू, खाली भिंत हाय, ना चढायची वाट हाय ना उतरायची, पुराच्या पान्याबरोबर दगडावर आपटन ती. भिंतीच्या पलीकडं नेऊन सोडा. त्याचे पाय तवा पुरे गेले होते, झिऱ्यातच गेले असं मी म्हनतो. मंग आमीच नेनार, मी अन् किसन.

अन् निंगायच्या वक्ताले काय झालं आयक. शांताबाई चार बाया घेऊन आली, हातात ताट. म्हने, तुही पावनी पोटुशी माहेरी चालली, तशीच रिकामी धाडता का, वटी भरली पाह्यजे. आमाले हासूही आलं अन् बरंही वाटलं. मी पोतं भिजवत होती बाहेर, तवढ्यात त्याईनं झाकन काढलं अन् हळद, कुंकू, तांदूळ सगळं रांजनात टाकलं, चिमूट-चिमूट नाई, चांगलं मूठ-मूठ, मनापासून. पानी लालभडक झालं अन् अहिर अशी तडफडली का रांजन हालला, वर फेस आला. मामाजी बसल्या जागेवरून वरडला, मी आल्यापासून त्या मानसाचं वरडनं कधी आयकलं नव्हतं, सोडा, सोडा पानी, कल्ले जळतीन तिचे. शांताबाईचं तोंड उतरून गेलं. किसननं रांजन आडवा केला, मी घरात होतं नव्हतं ते पानी तिच्यावर वतलं, शांताबाई पळत घरी गेली, तिच्या घरचाही गुंड आनला, तिचा अन् आमचा एका पान्याचा व्यवहार नव्हता बरं, त्या दिवशी कोनाले आठवलंच नाई. हाताले लाल लागत राह्यलं गंज वेळ. मंग ती तोंड उघडझाप कराले लागली तवा सगळ्याईच्या जीवात जीव आला. शांताबाई म्हने, माय, मी जीवच घेतला असता वो तुहा. मासोळीले म्हने, मले नाई.

वल्ल्या पोत्यात घालून आमी बंधाऱ्याच्या खालच्या बाजूनं उतरलो, मी पोट सांभाळत, किसन पोतं सांभाळत. पानी तपकिरी, जोर मोठा. किसन मांडीएवढ्या पान्यात उतरला, पोत्याचं तोंड उघडलं, खालच्या अंगाले. ती बाहेर आली अन् काठाच्या संथ पान्यात पडून राह्यली. हालेना. किसन म्हने, मेली. माह्याकडे पाह्यलं नाई त्यानं. वाकून दोनी हात तिच्या पोटाखाली घातले, जसं लेकराले पान्यात धरतात तसं धरून राह्यला, पुराच्या पान्याकडं थोडी सरकवली, अन् हातात होती म्हनतेलोक नव्हती. गेली. वर नाई आली, मुरडून नाई पाह्यलं. किसन तसाच हात पान्यात ठेवून उभा.

घरी आलो तं मामाजीनं एकच इचारलं, तोंड कुनीकडं होतं. किसन म्हने, खाली. मंग बुढ्यानं भाकर मांगतली.

माहं बाळंतपन सासरीच झालं. शांताबाईनंच केलं. पोरगी झाली, आता शाळेत जाते, गुरुजीच्याच. बाळंतपनात मी मेली नाई, किसन भेत होता तसं काई झालं नाई, शांताबाईनं मेथीचे लाडू कुठून पैदा केले तिलेच माहीत.

मामाजी त्या हिवाळ्यापर्यंत होता. अंथरुनावरच. गुरुजी शाळा सुटली का येऊन बसत. बुढा रोज इचारे, आता कुठीलोक गेली असन. गुरुजी नकाशा नसला तरी सांगत, पैनगंगेत असन बुवा. मंग काई दिवसानं, वर्धेत असन. मंग गोदावरी. किती दिवसात किती जाते हे ना गुरुजीले माहीत ना मामाजीले, पन दोघं बसून त्याचा हिशेब करत, पान्याले जोर किती, मधात डोह किती, रस्त्यात भोई किती. माह्यासारखे भोई असतीन तं बरं, मामाजी म्हने. शेवटच्या दिवसात एकदा त्यानं इचारलं तं गुरुजी म्हनले, पोचली बुवा. मामाजीनं डोळे मिटूनच म्हनलं, खारं लागलं असन तिले पयल्यांदा.

बंधारा चांगला हाय, त्याले मी नाव नाई ठेवत. त्याच्यानं विहिरीले पानी राह्यलं, झिऱ्यात उतराचं काम नाई पडत. मीच दगड वाहिले हायेत त्याचे. पन त्याच्यानंतर दोन-तीन पावसाळे वरच्या डोहात अहिरीचं एकही पिल्लू नाई आलं. मले वाटलं, संपलं. मंग एक साल पावसाळ्यात मी भिंतीच्या पायथ्याशी धुनं धुवाले गेली, तं वल्ल्या दगडाले काळे-काळे दोरे चिकटलेले, बोटाएवढे, अन् ते चढून राह्यले होते. थोडे चढत, कोरडा दगड आला का पडत, पुन्हा चढत. मी धुनं तसंच टाकून किसनले बलावून आनलं. तो बसून पाह्यत राह्यला. मंग घरी गेला अन् अंबाडीचा जाड दोर वळला, सैल, केसाळ, अन् भिंतीवरून खाली पान्यापर्यंत सोडला. वरून पानी झिरपून दोर वल्ला झाला, अन् पिल्लं त्याच्यावरून वर गेली. सगळी नाई. गेली ती गेली.

आता दर पावसाळ्यात तो नवा दोर वळते. कोनी म्हनते, काय गा किसना, बंधारा बांधून ठेवतं का, पळून जाईन म्हनून. तो म्हने, तुह्या बापाले बांधाले ठेवला. शिव्या देतच वळते, पन अंबाडी चांगली निवडून घेते. ती पिल्लं आपल्या त्या अहिरीची हायेत का दुसऱ्या कोनाची, आमाले समजाचा रस्ता नाई, अन् समजून तरी काय करायचं. एवढ्या दूरून येतात, तं यावं. ज्यानं त्यानं आपापल्या वाटेनं सुखानं जावं, वाटेत भला मानूस भेटावा. तूही जेवून जाय बापू, भाकर टाकतो.